परत वर कोण जातंय!

६ जानेवारी, सकाळी ११.१०
आजपासून नोंदी. काम करता करता जे शिकतो ते लिहून ठेवायला हवं, नाहीतर ही विद्या माझ्याबरोबरच जायची. अल्माटीत हलत्या-फिरत्या वेबसाइट बनवणारे चाळीसेक लोक असतील. त्यातले अडतीस गाढव. उरलेल्या दोघांतला एक मी, दुसरा मागच्या वर्षी जर्मनीला गेला.
संकल्प: या वर्षी क्लायंटचं ऐकायचं नाही. मागच्या वर्षी ऐकलं आणि तीन कामं हातची गेली. आई म्हणते, ऐकलं नाहीस म्हणून गेली. आईला यातलं काही कळत नाही.

९ जानेवारी
नवं काम. क्लायंट बालझान आपाई, कास्केलेनला युर्त बनवण्याचा कारखाना. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, गोल तंबू, अगदी माथ्यावरच्या लाकडी चाकापर्यंत, म्हणजे शानिराकापर्यंत, सगळं घरीच घडवतात. लग्नाला आणि नौरिझच्या सणाला भाड्यानेही देतात.
बालझान आपाई म्हणजे अक्मारलची आई. १६ मार्चला आमची मंडळी त्यांच्याकडे जाणार, आई अक्मारलच्या कानात कानातली घालणार, की लग्न ठरलं. आपाई म्हणाल्या, साइटचा आणि लग्नाचा काही संबंध नाही, पण बघू तरी दे पोरगा काम कसं करतो. म्हणजे संबंध आहे.
त्यांना हवंय काय? फोटो, मापं, फोन नंबर. मी म्हटलं, आपाई, असली साइट कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा बनवतो. त्या म्हणाल्या, वाण्याचा फोन दिवसभर वाजतो रे. मी विषय बदलला.
माझी कल्पना: बोटाने स्क्रोल करत खाली जावं तसतसं रिकाम्या माळावर युर्त उभं राहत जाईल. आधी जाळीच्या भिंती, मग छताच्या दांड्या, मग नमदा. अकरा पडदे. फोन नंबर अकराव्या पडद्यावर, बक्षीस म्हणून.

१४ जानेवारी
वॉशिंग मशीनचा पाइप सुटला, खालच्या राउशानबाईंच्या छतातून पाणी गेलं. बाई जिन्यात उभ्या राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, तुझं शानिराक मधोमध कोसळो! आमच्यात यापेक्षा वाईट शाप नाही. घर बसो, वंश बुडो, सगळं त्यात आलं. आणि कारण काय, तर दोन बादल्या पाणी. या बाईला आयुष्यात कधी काही बनवायचं नाही, म्हणून वेळ आहे. दार लावून कामाला बसलो.

२० जानेवारी
कास्केलेनला जाऊन आलो. धुकं, चिखल, मिनीबसमध्ये एक मेंढी. अक्मारलचे आजोबा, तोक्सान आजोबा, वय त्र्याऐंशी. शानिराक तेच घडवतात. म्हणाले, पोरा, इकडे ये, हे एकदा काठीवर पेलून वर चढवून बघ. आमच्या घरात नवं शानिराक उचलायचा मान जावयाचा असतो.
मी सांगितलं, आजोबा, माझी पाठ दुखते आणि याचं थ्रीडी मॉडेल मी इंटरनेटवरून उतरवून घेतलंय, दोन लाख त्रिकोणांचं. त्यांनी माझ्याकडे पाहून नाक शिंकरलं.
धडा: वस्तू बनवणाऱ्याला वस्तूबद्दल विचारू नये. तो भलतंच सांगत बसतो.

३१ जानेवारी
पहिला डेमो. माझ्या लॅपटॉपवर साइट लोण्यासारखी चालते. पण आपाईंनी हट्टाने स्वतःचा फोन काढला. काच तडकलेली, आत नातवंडांचे चार हजार फोटो. सत्तेचाळीस सेकंद पांढरा पडदा. आपाईंनी तेवढ्यात चहा ओतला, त्यात दूध घातलं, मलाही दिला. मग फोन तापला. त्या म्हणाल्या, छान आहे, थंडीत हात शेकायला बरं. शेजारच्या खोलीतून आजोबांचं हसणं ऐकू आलं.
मग विचारलं, नंबर कुठाय? मी म्हटलं, अकराव्या पडद्यावर. म्हणाल्या, तिथपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल.
धडा: क्लायंटला त्याचा स्वतःचा फोन कधीही वापरू देऊ नये.

५ फेब्रुवारी
डेमोच्या दुसऱ्या दिवशी अक्मारलचा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. दोन मिनिटं ऐकला, बाकीचा वेग वाढवून ऐकला. म्हणे, नंबर पहिल्याच पडद्यावर घाल. म्हणे, आवाज आपोआप सुरू होतो तो बंद कर, मावशी दवाखान्याच्या रांगेत उघडायला गेली आणि सगळीकडे घोड्यांच्या टापा. म्हणे, हलणाऱ्या चित्राने काहींना गरगरतं, त्यांच्यासाठी नुसता फोटो ठेव. म्हणे, तुझ्या साइटवर शानिराक हवेत आपोआप तरंगत वर जातं, असं कुठे असतं का, ते खालून माणूस काठीवर पेलतो. आणि शेवटी: खाली जाताना घर उभं राहतं हे समजलं, पण परत वर गेलं की काय होतं?
मी लिहिलं: परत वर कोण जातंय!
तिने लिहिलं: मी जाते.
मी लिहिलं: तू घरची, तुला लोकांत धरता येत नाही.
चार दिवस झाले, बोलत नाहीये. बरं आहे. कामाला शांतता मिळाली.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३.४०
आज जे केलं ते या शहरात कुणी केलेलं नाही. परत वर जाण्याचा प्रश्न सोडवला! आधी नुसतं उलटं चाललं असतं, सिनेमा मागे न्यावा तसं, ते पोरकट. मी प्रत्येक भागाला खरं वजन दिलं. वर स्क्रोल केलं की आधी दांड्या निखळतात. शानिराक एक सेकंद हवेत थांबतं (हा सेकंद माझा, याला दोन दिवस लागले) आणि मग थेट मधोमध येऊन आदळतं. दोनदा उसळतं. धूळ उठते. आवाजही टाकलाय, धाडकन.
साठ वेळा पाहिलं. अंगावर काटा आला. हे कुणी पाहणार नाही, कारण परत वर कोणी जात नाही. पण खरा कलावंत पाहणाऱ्यांसाठी काम करत नसतो.
अक्मारलला कळवलं नाही. तिला श्रेय मिळालं असतं.

२४ फेब्रुवारी
आईला १६ तारखेला किती माणसं न्यायची हे बालझान आपाईंना विचारायचं होतं. म्हटलं, साइटवरून नंबर घे, तेवढीच चाचणी. चौथ्या पडद्यावर आईने फोन उशीखाली ठेवला आणि डोळे मिटून पडली. म्हणाली, हे थांबलं की सांग. नंबर शेवटी अक्मारलच्या मावशीकडून घेतला.
आई हा नमुना म्हणून धरता येत नाही. तिला बसमध्येसुद्धा लागतं.

३ मार्च
तोक्सान आजोबांचा फोन. स्वतः केला, म्हणजे कुणीतरी लावून दिला असणार. म्हणाले, आला नाहीस रे. सोळा तारखेआधी एकदा येऊन जा, हातात घेतल्याशिवाय त्याचं वजन कळायचं नाही. मी म्हटलं, आजोबा, वजन टाकलंय, कॉम्प्युटरमध्ये. ते म्हणाले, कुणी टाकलं? मी म्हटलं, मी. मग म्हणाले, बरं.
म्हातारे लोक कामाच्या वेळेतच फोन करतात.

१० मार्च
अक्मारल बोलायला लागली. पण काय बोलली! म्हणे, सोळाच्या आधी एकदा आईला साइट दाखव, तिच्या फोनवर, शांतपणे, शेवटपर्यंत आणि परत वर. मी म्हटलं, सरप्राइज आहे. त्यांच्या दिवाणखान्यातला मोठा टीव्ही, दोन्हीकडची मंडळी, मी लॅपटॉप जोडणार. अक्मारल म्हणाली, सायात, माझ्या घरच्यांना तू काय करतोस ते कळत नाही, तू कसा आहेस तेवढं कळतं. याचा अर्थ काय, मला समजला नाही. घाबरली असावी.
तीन वर्षं हिच्यासाठी थांबलोय. हिच्याशी लग्न तेवढं व्हायला हवं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

१६ मार्च, सकाळी ८.३०
इस्त्रीचा शर्ट. कानातल्यांची डबी आईच्या पर्समध्ये, दर दहा मिनिटांनी उघडून बघते. लॅपटॉप चार्ज. केबल दोन. टीव्हीचा आवाज पूर्ण ठेवायचा. आज या खेडवळ लोकांना कळेल जावई काय चीज आहे.

१७ मार्च
काल जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो. माझी चूक कुठेच नाही, हे त्यातून आपोआप दिसेल.
जेवण झालं. घोड्याच्या मांसाची ताटं, तळलेले बौरसाक, चहा. कानातली शेवटी घालायची, म्हणून आधी साइट. मी खाली स्क्रोल करत गेलो. माळ, पहाट, भिंती, दांड्या. नमदा चढला तेव्हा बालझान आपाईंनी डोळ्याला रुमाल लावला. हे मी स्वतः पाहिलं, हे कुणी नाकारू शकत नाही. अकराव्या पडद्यावर नंबर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्याकडे बघून हसली. त्याच क्षणी कानातली घातली असती तर विषय मिटला असता.
पण अक्मारलची मावशी म्हणाली, सुरुवातीला लाल पट्ट्यावर नक्षी होती ना, ती परत दाखवा. माउस आजोबांच्या हाताशी होता. त्यांनी चाक वर फिरवलं.
दांड्या निखळल्या. शानिराक एक सेकंद थांबलं. मग कोसळलं, मधोमध. टीव्हीचा आवाज पूर्ण होता.
मावशी किंचाळली. आईच्या हातातून चहाची वाटी गालिच्यावर पडली. कुणीतरी पुटपुटलं, अल्ला, दूर ठेव. मी घाईने खाली स्क्रोल केलं, घर उभं राहिलं, पण बोट मागे सरकलं, परत वर गेलं, परत कोसळलं. सावरायला गेलो, अजून एकदा. एकूण तीनदा.
आजोबा म्हणाले, पोरा, हा शाप कुणाच्या घराला दिलास?
शाप मला माहीत नव्हता असं नाही. जिन्यात मी तो फुकट ऐकतो. पण शाप वेगळा आणि ॲनिमेशन वेगळं! मी त्यांना समजावलं, की आजोबा, हे खरं वजन आहे, म्हणून ते पडतं. ते म्हणाले, त्याचं वजन मला माहीत आहे. तुला दाखवायला दोनदा बोलावलं.
मग मी म्हणालो, की तुमच्याइतक्या जुन्या विचारांच्या लोकांसाठी ही साइट नाहीच. हे नसतं म्हटलं तर बरं झालं असतं, असं आईचं मत.
बालझान आपाईंनी टीव्हीची वायर ओढून काढली. अक्मारल उठून आत गेली. कानातल्यांची डबी आईच्या पर्समधून बाहेर आलीच नाही.

१८ मार्च
दुरुस्ती केली. एक ओळ! फक्त एक ओळ बदलली, आणि आता वर गेलं तरी घर उभंच राहतं. दोन मिनिटं लागली. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.
अक्मारलचा मेसेज, लांबलचक नाही. लिहिलं होतं: मी सांगितलं होतं.
राग आला. मग आला नाही. दुपारभर तो मेसेज उघडून बंद करत राहिलो. तिचा जुना सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज शोधून काढला आणि वेग न वाढवता पहिल्यापासून ऐकला. शेवटी एक वाक्य होतं, जे तेव्हा घाईत निसटलं असावं: मला तुझं काम आवडतं रे, पण तू आमच्याकडे कधी बघतच नाहीस.

१९ मार्च
कारखान्याची नवी साइट आली. अक्मारलने स्वतः बनवली, आईच्या तडकलेल्या फोनवर. पांढरं पान. एका युर्तचा फोटो, खाली मापं, सगळ्यात वर नंबर. काहीच हलत नाही. बघून हसलो. खूप वेळ मोठ्याने हसलो.
माझ्या आईने त्या पानावरून नंबर घेऊन बालझान आपाईंची माफी मागितली. पहिल्या झटक्यात लागला म्हणाली. मध्येच दोनदा फोन ठेवावा लागला, कारण आपाईंकडे दुसरे फोन येत होते.

२० मार्च, दुपारी ४.००
उद्यापासून नौरिझ. चौकात त्यांचं युर्त उभं करायचं काम चालू होतं. लॅपटॉप उघडाच घेऊन गेलो, दुरुस्ती दाखवायला. सविस्तर बोलणं तयार केलं होतं: एक ओळ, दोन मिनिटं, आता कधीही कोसळणार नाही, तीन वर्षं.
जाळीच्या भिंती लागल्या होत्या. शानिराक काठीवर घेतलेलं होतं. घरात जावई नाही, म्हणून काठी अक्मारलने धरली होती. मान ताठ, चेहरा लाल. ते इतकं जड असतं हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, वर होतं. मी दारातून आत शिरलो आणि लॅपटॉपचा पडदा आजोबांकडे वळवला.
आजोबांनी लॅपटॉपकडे पाहिलं नाही. म्हणाले, अरे, मधोमध काय उभा राहिलास, डोक्यात पडेल. बाजूला हो.
बाजूला झालो.