हवाबंद खोलीतली मुलगी

शुक्रवार, १२ सप्टेंबर

प्रिय ठकू,

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही, तेव्हा नुसतंच प्रिय. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? इकडे मी बरी. मांजरानं पुन्हा माझ्या प्रुफांवर बैठक मारली आहे.

नवी कादंबरी लिहून झाली. किशोरांसाठी विज्ञानकथा! मागे तू म्हणालीस, "मावशी, तुझ्या पुस्तकातली मुलं नुसती 'पण काका, असं का?' विचारतात आणि काका तीन पानं बोलत सुटतात. काका आले की आम्ही पानं उलटतो." मी हसले, पण नाकाला मिरच्या झोंबल्या. खरंच आहे ते. आमची पुस्तकं बक्षीस म्हणून वाटतात आणि तशीच कपाटात जातात. तुमच्या वयाला काय सलतं ते ठाऊक नसतं, म्हणून आम्ही यानाचा वेग सांगत बसतो.

काल संपादकांचा फोन आला. "बाई, पाचवं प्रकरण वाचून माझी मुलगी रडली. फक्त एक शंका. हवाबंद खोलीच्या दाराखाली फट कशी?"

फोन ठेवून मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. त्या प्रकरणात अंतराळस्थानकावरची एक मुलगी रोज हवाबंद खोलीत लपून एकटीच डबा खाते. दाराखालून बूट दिसू नयेत म्हणून पाय वर घेऊन बसते. घरी सांगते, मैत्रिणींबरोबर जेवले.

ते दार तुझ्या शाळेतल्या बाथरूमचं आहे, ठकू. सुट्टीत गच्चीवर तू मला सगळं सांगितलंस. "आईला सांगू नकोस," म्हणालीस. आईला नाही सांगितलं, छापायला दिलं. तू रडत होतीस, मी तुझा हात धरला होता आणि मनात प्रकरण जुळवत होते. आता कुणाबरोबर जेवतेस, हे साधं विचारायचंही मला सुचलं नाही.

आज ते प्रकरण काढायला सांगितलं. संपादक म्हणाले, "मग उरतं काय? काका?" बरोबरच बोलले. पुस्तकच थांबवलं. तू काही ठरवायचं नाहीस, तुझ्यावर कसलंच ओझं नाही.

पण खोटं कशाला बोलू? हे लिहितानाही आशा वाटतेय की तू म्हणशील, "अगं मावशी, छाप की!" सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते आहे.

तुझीच, म्हणू ना?
मावशी