झाकण काढून केलेली पूजा

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून मी आता बरीच मोठी झाले आहे. तेव्हा आज जरा वरच्या पट्टीत बोलले तर चालवून घ्या. तुमच्या हयातीत मी तुमच्यापुढे आवाज चढवला तो फक्त ड्रॉइंगच्या मापांवरून, आणि ते तुम्हाला आवडायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. "मापात पोरगी बापाचा आयकत नाय," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, तक्रार केल्यासारखं तोंड करून. पावणे गावातली आपली शेड म्हणजे एक लेथ, एक ड्रिल, वस्तू आवळून धरायचा तुमचा वाइस आणि खिडकीपाशी माझं टेबल, एवढाच संसार. मागे खाडी, पुढे ठाणे-बेलापूर रस्ता आणि आजूबाजूच्या भाताच्या खाचरांत येऊ घातलेल्या कारखान्यांचे हद्दीचे दगड. गावातल्या बाया आईला विचारायच्या, पोरगी दिवसभर तिथं काय करते गं? आई सांगायची, "इमानाची चित्रा काढते." चित्रं! मी त्या शब्दावर किती भडकायचे. आईला ड्रॉइंग आणि चित्र यांतला फरक समजावण्यात माझं निम्मं तरुणपण गेलं असेल, आणि ती शेवटपर्यंत चित्रंच म्हणत राहिली.

विमानांचा नाद तुम्हाला लागला तो खाडीपलीकडे, विमानांच्या हँगरमध्ये नोकरीला होतात तेव्हा. त्या काळातली छोटी विमानं पुढचा पंखा हाताने फिरवून चालू करत, आणि तुमचं उजवं मनगट मोडलं ते त्याच कामात. मी लहान असताना तुम्ही मला ते सगळं पोळपाटावर लाटणं फिरवून समजावलं होतं, स्वयंपाकघरात, आईचा ओरडा खात. इंजिनाला ठिणगी देतो तो मॅग्नेटो. हाताने फिरवताना तो फार हळू फिरतो, ठिणगी दुबळी पडते. म्हणून त्यात एक स्प्रिंग आणि एक खटका असतो. खटका मॅग्नेटोला अडवून धरतो, स्प्रिंग ताणली जाते, मग खटका सुटतो आणि मॅग्नेटो झटक्यात फिरून सणसणीत ठिणगी टाकतो, तीही जरा उशिरा. हे उशिरा पडणंच महत्त्वाचं. खाऱ्या हवेने खटका ज्या पिनेवर हलतो तिच्यावरच गंजून अडकला, तर अडवणं होत नाही, ठिणगी वेळेआधी पडते, इंजिन उलटा हिसका देतं आणि पंखा माणसाच्या हातावर येतो. तुमच्या हातावर आला. हाड जुळलं ते वाकडंच जुळलं, आणि नोकरी सोडून तुम्ही गावात शेड टाकलीत.

पोटासाठी मिठागरांचे पंप आणि मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचात. डोक्यात मात्र एकच गोष्ट होती, पीन नसलेला खटका. जिथे पीनच नाही तिथे गंजून अडकणार काय? तिरक्या खाचेत एक छोटा पोलादी रोलर, बस्स. पंखा हळू फिरत असेल तर रोलर आपल्याच वजनाने खाली घरंगळतो आणि अडवतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की बाहेर फेकला जातो आणि वाटेत येत नाही. ऐकायला सोपं आहे, पण त्या खाचेचा कोन सापडेपर्यंत मी किती ट्रेसिंग फाडली ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी तुम्ही तयार झालेला नमुना जाळ्याच्या तुकड्यात बांधून खाडीत सोडलात, आणि आठवड्यानंतर चिखलासकट वर काढून वाइसमध्ये धरून फिरवलात. टक्. पुन्हा फिरवलात. टक्. वाकड्या मनगटाने कपाळावरचा घाम पुसलात आणि मला म्हणालात, "आता चित्र काढ." त्या दिवशी त्या शब्दाचा मला राग आला नाही.

अर्ज तयार झाला तो भाद्रपदात. फोर्टातल्या वकीलसाहेबांनी बजावून सांगितलं होतं, "पेटंटचा अर्ज आधी जाऊ द्या, तोवर वस्तू कोणाला दाखवू नका." पण तुमचं सुरू झालं, पितरांच्या पंधरवड्यात नव्या कामाचा कागद घराबाहेर काढायचा नाही. पंधरवडा सरला, नवरात्र बसलं. मी म्हटलं, आता पाठवूया. तर तुम्ही म्हणालात, "आता थांबलोच हाव तं दसऱ्याला टाकू. मुहूर्त बगाया नको." विमानाच्या इंजिनाचे अंश आणि मिनिटं मोजणारा माणूस पोस्टाच्या पेटीसाठी मुहूर्त बघत होता. आणि मी, मापांवरून भांडणारी, या बाबतीत एक अक्षर बोलले नाही, कारण मलाही ते अगदी बरोबर वाटत होतं.

खंडेनवमीची सकाळ माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी आहे. शेड धुऊन काढली आहे, लेथला झेंडूची माळ आहे, आई खोबरं-साखरेचं ताट घेऊन उभी आहे. आळीतली माणसं आली आहेत, मिठागरवाले आले आहेत, आणि ज्याच्याकडून आपण स्प्रिंगा आणि बेअरिंगं घ्यायचो तो मुंबईचा व्यापारी पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आला आहे. पाटावर मधोमध आपला खटका, पत्र्याच्या डब्यात, झाकणासकट. मी कुंकवात बोट बुडवते, तेवढ्यात तुम्ही माझा हात धरता. "झाकन काढ आदी."

"कशाला?" मी विचारते.

"पत्र्याला कुकू लावतेस? काम करतं कोन? त्याला लाव."

मी स्क्रू काढते, झाकण बाजूला ठेवते आणि रोलरला हळद-कुंकू लावते. सगळे वाकून बघतात. व्यापारी म्हणतो, "वा शेठ, पण ह्याची पीन किदर गेली?" आणि तुम्ही, ज्यांच्या तोंडून कधी चार वाक्यं सलग निघत नसत, ते त्याला खाच दाखवता, कोन सांगता, फिरवून टक् ऐकवता, वर हातावर पेढा ठेवता. बाबा, खरं सांगू? त्या क्षणी मला तुमचा इतका अभिमान वाटत होता की वकीलसाहेब समोर असते तरी मी त्यांना गप्प बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. लिफाफ्याला आपट्याचं पान लावून, नवा सदरा घालून तुम्ही तुर्भ्याला पोस्टात गेलात आणि तसेच परत आलात. सणाची सुट्टी! अर्ज गेला एकादशीला. वरातीमागून घोडं म्हणतात ते यालाच. आज हे लिहिताना मी एकटीच हसते आहे, पण तेव्हा हसू येण्यासारखं पुढे काही घडलं नाही. अर्ज मान्य झाल्याचं छापून आलं आणि पाठोपाठ त्या व्यापाऱ्याची हरकत आली. त्याने स्वतःच तसे खटके बनवून विकायला सुरुवात केली होती, आणि त्याचं म्हणणं असं की ही वस्तू अर्जाच्या आधीच चारचौघांत उघडी दाखवली होती, मग ती नवी कसली? वकीलसाहेबांनी आपल्याला समोर बसवून समजावलं. बंद डबा कोणी पाहिला तर त्याने काही बिघडत नाही, आतली करामत दिसली असेल तरच बिघडतं. उघडा होता हे सांगणारा तो एकटा, गावातलं कोणी त्याच्या बाजूने यायचं नाही. "झाकण लावलेलं होतं, एवढंच म्हणा. पेटंट तुमचं." तुम्ही चहा संपवलात आणि कप उपडा घातलात.

पेटंट कचेरीतल्या सुनावणीला तुम्ही मला बरोबर नेलंत, ड्रॉइंग माझं म्हणून. अधिकारी वयस्कर होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, पूजेच्या वेळी डबा बंद होता का?

"उघडा होता," तुम्ही म्हणालात. "मीच झाकन काढायला लावलं."

वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली आणि सावकाश, जणू तुम्हाला वाट करून देत, पुन्हा विचारलं, "नीट आठवून सांगा. बरेच महिने झालेत. चूक होऊ शकते."

"त्यात काय आठवायचं साहेब? आतल्या रोलरला कुंकू लावलेलं. पोरीनंच लावलं."

झालं. एवढ्या वर्षांच्या कामाचा निकाल तिथेच लागला. परतीच्या एसटीत मी रागाने खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. ठाणं मागे पडल्यावर तुम्ही म्हणालात, "देवाला वायलेल्या कुकवाला खोटा पाडू काय गं?" पुन्हा तुम्ही तो विषय काढला नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी लेथ चालू केलात.

आता माझं ऐका. तुम्ही खोटं बोलला नाहीत म्हणून पेटंट गेलं असं आई म्हणायची, गावही म्हणायचं, आणि त्यात तुमचं कौतुक असायचं. मला ते मान्य नाही. पेटंट गेलं ते क्रम चुकला म्हणून. अर्ज आधी, कुंकू नंतर, एवढंच करायचं होतं. त्यात देवाचाही अपमान नव्हता आणि पितरांचाही. पुढे मी विमानाच्या पंखांमागचे हलते भाग, म्हणजे फ्लॅप, वर-खाली करणाऱ्या स्क्रू-जॅकांवर आयुष्यभर काम केलं, मोटर बंद पडली तरी फ्लॅप जागचा हलू नये म्हणून त्यात बसणाऱ्या ब्रेकचं पेटंट माझ्या नावावर आहे, आणि नंतरही बरीच आहेत. प्रत्येक वेळी अर्ज गेला, पोच आली, मग मी वस्तू पूजेला मांडली, झाकण काढून. माझ्या हाताखालच्यांना हे वेड वाटायचं, पण त्यांच्याकडूनही मी करून घेतलं. त्या व्यापाऱ्याचे रोलर मऊ पोलादाचे होते, लवकर झिजायचे, आणि फ्लाइंग क्लबांचे मेकॅनिक शेवटी आपल्याच शेडची वाट विचारत येऊ लागले. तेव्हा आपण हरलो असं मी कधीच मानलेलं नाही. तुमच्यापेक्षा माझी खाच सरस असते, हेही सांगून टाकते.

एक मात्र आहे, आणि त्यासाठी तुम्ही आज समोर असतात तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. तुमचं सांगून झाल्यावर ते अधिकारी माझ्याकडे वळले होते. "मुलीला काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं, आणि मी उठत होते. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलंत आणि म्हणालात, "तिला कशाला विचारता, माझ्यासारकाच सांगेल ती." घरी आईलाही तुम्ही तेच सांगितलंत. बाबा, मी झाकण बंद होतं म्हणून सांगणार होते. शपथेवर, तुमच्यादेखत, तुम्हाला खोटं पाडून. तुम्ही मला बसवलंत ते हे कळलं नाही म्हणून की कळलं म्हणून, एवढं एक मला अजून ठरवता येत नाही.