एक भाकरी कमी

वडीगोद्री,
ता. ६ जानेवारी १९९९

चि. बेबीनंदास आईचे अनेक आशीर्वाद.

तू पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जाऊन सहा महिने झाले, तरी तुझ्या वाटची भाकरी थापली जातेच. तुझे बाबा म्हणतात, एक कमी कर. हात ऐकत न्हाई, काय करू? सोमवार धरून राह्यलीस ना? दोघींनी दुपारी एकाच वेळी फराळ करायचा, ठरलंय आपलं. तेवढाच जेवायला संग.

पळण्याच्या निवडीत मागं पडलीस तर रडू नको. घर काई पळून जात न्हाई.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आई, सगुणाबाई


पुणे,
ता. १८ जानेवारी

ती. आईस बेबीनंदाचा शि. सा. न.

सोमवार बराबर धरते. पण आई, पळायला शिकवणाऱ्या सरांनी वजन उतरवायला भाकरी, भात, साखर बिलकुल बंद केलंय. नुसती अंडी, पनीर, काकडी! पळून आले की छाती धडधडत राहते, झोप न्हाई, दोन महिने पाळी न्हाई. निवडीत पहिल्या तिघींत आले न्हाई तर वसतिगृह सुटलं समज. तुझ्या हातच्या भाकरीची लई आठवण येते गं.

नवल म्हणजे, सोमवारी साबुदाणा खाऊन पळाले की पाय हलके पडतात. महादेव पावतो बघ. बाबांना यातलं सांगू नको.

आठवण काढत जा.
तुझी बेबीनंदा


वडीगोद्री,
ता. २५ जानेवारी

चि. बेबीनंदास आशीर्वाद.

जिवाला घोर लावलास. डॉक्टरला दाखव जल्दी. अन् देव पावून राह्यलाय तर कंजूषी कशाला? गुरुवार धर, शनिवार बी धर. मी बी धरते, म्हंजे तीन दुपारी आपला संग होईल.

काळजी घे.
तुझी आई


पुणे,
ता. ३ मार्च

ती. आईस शि. सा. न.

पळून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्त तपासलं. शुक्रवारी ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल म्हणतात ते, भलतंच चढलेलं. शनिवारी पुष्कळ उतरलेलं. कारण विचारलं तर मी म्हणाले, उपवास होता. साबुदाणा, रताळं ऐकून त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, पोटात भाकरी-साबुदाण्यासारखं पिठूळ काही नसलं की पळताना शरीर घाबरतं अन् ही संप्रेरकं जास्त सोडतं. तू उपवासालाच तेवढी जेवतेस! मंग सरांनीच भाकरी सुरू केली.

आई, निवडीत मी दुसरी आले! आता बेंगळूरला वर्षभर शिबिर. घरी यायला जमणार न्हाई.

रागावू नको.
तुझी बेबीनंदा


वडीगोद्री,
ता. ९ मार्च

चि. बेबीनंदास लाख आशीर्वाद.

गावात पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, तू हरून घरी यावंस असं मनात येऊन गेल्तं. तुझं पत्र वाचलं अन् त्याची लाज वाटली. बेंगळूरला जा, पोटभर खा, पळ. गुरुवार, शनिवार मी सोडले.

सोमवार तेवढा आपला राहू दे.

काल तुझ्या बाबांनी टोपल्यात बघितलं अन् म्हणाले, आज एक भाकरी कमी दिसते. मी म्हणलं, ती पोरगी तिकडं खाऊन राह्यली. मंग दोघं बी जेवलो.

तुझी आई