एकोणिसाव्या भागानंतर

४ जाने., रविवार
माळा आवरायला काढला. ब्लँकेटांमागे लेकीच्या, प्राचीच्या पोस्टरांची गुंडाळी सापडली. कोपऱ्यांना चिकटपट्टी अजून तशीच. दोन वर्षांपूर्वी पाहुणे तिला बघायला येणार होते, त्या सकाळी मीच ती भिंतीवरून उतरवली. चोवीस वर्षांची मुलगी जपानी कार्टून बघते, लोक काय म्हणतील, म्हणून. मी पडू नये म्हणून प्राची स्टूल धरून उभी राहिली. वर विहीणबाईंना मी सांगितलं, मुलीला विणकामाची आवड आहे. विणकाम! तिला साधा टाका घालता येत नाही.
गुंडाळी परत वर ठेवली नाही. का, ते माहीत नाही.

११ जाने., रविवार
विहारात वंदनेनंतर चहा. प्रा. सासूबाईंबरोबर जवाहर नगरहून आली होती. बारीक झालीय, की मलाच तसं वाटलं. विहीणबाईंना त्यांच्या लेकानं कार्टूनचं सांगितलेलं दिसतं. सगळ्यांसमोर कौतुकानं म्हणाल्या, "सूनबाईला कार्टूनचं भारी वेड होतं. आमच्याकडे आल्यावर सुटलं." बायका हसल्या. एकीनं विचारलं, एवढी मोठी मुलगी, मतलब डोक्याला काही... प्रा. खाली बघून कप गोळा करत होती. मी बिस्किट खात बसले.
आता राग येतोय. त्यांचा नाही, माझाच. 'मीही बघते' एवढंच म्हणायचं होतं. तेरा वर्षं बघतेय.

१४ जाने.
संक्रांत. गच्चीगच्चीवर पतंग आणि 'वो काटा'चा दंगा. प्रा. तिळगूळ द्यायला येणार होती, जमलं नाही.
तिची कावीळ आठवली. आठवीत होती, दीड महिना घरी. रेल्वे क्वार्टरची ती बाहेरची खोली, घरघरणारा कूलर, उसाचा रस, जुना कॉम्प्युटर. हे ड्यूटीवर. मी राखण करायला शेजारी बसले आणि त्या जपानी मंडळींत अडकले. खालच्या इंग्रजी ओळी मला वाचता येईनात, मग ती वाचून मराठीत सांगायची. इकडच्या हिंदी शाळेतली पोर, मराठीत अडखळायची. तिची मराठी सुधारली त्या कार्टूनपायी. सगळे तिच्याच आवाजात आणि माझ्या अकोल्याच्या बोलीत बोलायचे. तलवार उपसून उभा राहिलेला योद्धा म्हणायचा, "मले घरी जायचं हाय, माय." पोट दुखेस्तोवर हसायचो.
दुपारचे तीन ही आमची वेळ. नियम एकच, एकटीनं पुढे बघायचं नाही. शेवटची मालिका नावाडी पोरीची, सव्वीस भागांची. एकोणिसाव्यावर होतो आणि लग्न ठरलं. नंतर मी ती उघडली नाही. तिच्याशिवाय मला कोण सांगणार?

१८ जाने., रविवार
आज उघडलीच. टीव्हीवरचं खातं आम्हा दोघींचं एकच. बघते तर कुठवर बघून झालं ते दाखवणारी रेघ बाविसाव्या भागावर! ह्यांना विचारलं. म्हणाले, मी क्रिकेटशिवाय काही लावतो का? म्हणजे प्रा. तिकडे मोबाइलवर बघतेय. चोरून.
सुटलं नाही तर. इतकं बरं वाटलं. मग मनाला लागलं. माझ्याविना...

२१ जाने.
चोविसावा. दूध उतू जातंय का ते बघावं तशी दिवसातून चारदा टीव्ही लावून बघते.
कुठल्या तोंडानं रागवू? आमचं हे आधी मीच मोडलं की, त्या स्टुलावर चढून.

२५ जाने., रविवार
विहारात परत तोच विषय. विहीणबाई परत म्हणाल्या, सुटलं. मी म्हटलं, "ताई, मीही बघते. तेरा वर्षं झाली. प्राचीच्या तोंडून ऐकते. ते तिनं सोडावं असं मला वाटत नाही."
कोणी हसलं नाही. विहीणबाईंनी कप खाली ठेवला, चपला घातल्या. प्रा. माझ्याकडे बघत राहिली, मग त्यांच्या मागे गेली.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, लेकीच्या संसारात काडी टाकलीस. बरोबरही असेल त्यांचं.

२९ जाने.
फोन नाही. मीही केला नाही. रेघ पंचविसाव्याच्या शेवटी. चार दिवस तिथेच. सव्विसावा उघडलेलाच नाही.
शेवटचा भाग तिनं ठेवलाय. माझ्यासाठीच ठेवलाय, दुसरं काय. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

३१ जाने., शनिवार
सकाळी विहीणबाईंचा फोन. आज दुपारी तीनला येतायत, प्रा.ला घेऊन. कशासाठी, ते बोलल्या नाहीत. आवाजावरून काही कळलं नाही. विचारायचं माझं धाडस झालं नाही. तीनच का? ही वेळ प्रा.नं सुचवली असेल, की सहजच? हे म्हणाले, जे काय म्हणतील ते शांतपणे ऐकून घे.
गुंडाळी उलगडली. जुनी चिकटपट्टी धरेना, मुरलीपुऱ्याच्या नाक्यावरून नवी आणली. भिंतीवर जुन्या पोस्टरांची फिकट चौकट अजून आहे, तिथेच लावली. स्टूल ह्यांनी धरलं. मला वाटलं, आता ओरडतील. म्हणाले, "वाकडं झालंय. डावीकडून जरा वर घे."
अडीच वाजलेत.