शांततेचे दहा थेंब

मीरा रोड,
१२ सप्टेंबर २००६

तीर्थरूप महिपतदादा यांस,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्चीत बसूनच साष्टांग नमस्कार घालतोय. तो पोहोचला असं समजावं. मनोरमावहिनींचा खोकला आणि तुमची कंबर कशी आहे? इथे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आणि माझं रक्त यांचं जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. (गेल्या वर्षी मी खुर्ची फेकली नव्हती, ती माझ्या हातून निसटली होती.) यंदा टाकीच्या गळतीवरून सेक्रेटरी ईश्वरभाईंना उभं-आडवं घ्यायचं म्हणून मी आठ पानं लिहून काढली होती. घरचे घाबरले. आमचे जावई कौस्तुभराव हल्ली नोकरी सांभाळून वनस्पतींचे अर्क विकतात. त्यांनी एक बाटली आणून दिली. ब्राह्मी, जटामांसी, तगर आणि जायफळ, सगळी आपली जुनीच औषधं, फक्त शास्त्रीय पद्धतीने काढलेली. दहा थेंब घेतले की मन शांत होतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आमची आई सहाणेवर जायफळाचे दोन वळसे द्यायची आणि आम्ही सकाळपर्यंत हलायचो नाही. त्यावर ते हसले आणि म्हणाले की वळशांना मोजमाप नसतं, पप्पा.

सभेच्या सकाळी मी मोजून दहा थेंब घेतले. पाव तासाने पाहिलं तर ईश्वरभाईंवरचा राग तसाच. म्हणून चमचाभर घेतला. मग कॉफी प्यालो. आता हे मला नंतर कळलं, की हंसानेही माझ्याच काळजीने तुम्ही पाठवलेलं अर्धं जायफळ त्या कॉफीत किसलं होतं. नवरा शांत राहावा म्हणून दोन्हीकडून बंदोबस्त, आणि एकमेकांना कुणी सांगितलेलं नाही.

पुढचं मी ऐकीव सांगतोय. मी पहिल्या रांगेत, आठ पानं मांडीवर, डोळे अर्धे उघडे. ईश्वरभाईंनी गळतीचा विषय वाचला आणि भीतभीत माझ्याकडे बघून विचारलं, "दत्तारामभाय, आपको मंजूर है?" माझी मान खाली गेली. लोकांना वाटलं, होकार. मग सगळेच ठराव माझ्या मानेवर पास झाले. शेवटी ईश्वरभाईंनी राजीनामा दिला आणि एवढा समजूतदार माणूस दुसरा नाही म्हणून माझं नाव सुचवलं. मान पुन्हा गेली. मी जागा झालो तो टाळ्यांनी, आणि सवयीने हात जोडले.

तेव्हापासून सकाळी सहाला बेल वाजते. टँकर आला नाही, लिफ्ट अडकली, तिसऱ्या मजल्यावर कबुतरांनी अंडी घातली. एका बाईंनी ती अंडी मला दाखवायला डब्यातून आणली. मी काय करायचं होतं, त्यांची नोंद? त्यात कौस्तुभराव मला बिल्डिंगभर उदाहरण म्हणून दाखवतात: खुर्च्या फेकणारा माणूस बघा, आता सेक्रेटरी झाला. अकरा बाटल्या खपल्या. डॉक्टरांनी मला मात्र त्या बाटलीपासून चार हात लांब राहायला सांगितलंय.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. खरं काम असं, की तुमची तब्येत फार बिघडली असून मला सहा महिने रत्नागिरीला येऊन राहावंच लागेल, असं एक पत्र ताबडतोब टाका. कमिटीला दाखवून राजीनामा देतो. आजार जरा मोठा लिहा.

ता. क. २. भावोजींस हंसाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. निवड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का करून आणला. परवा ईश्वरभाई स्वतः येऊन पद परत घेतो म्हणाले, तर हे म्हणाले, राहू दे, एवढं वर्ष बघतो. दिवसभर खाली टाकीपाशी असतात. भाजी कशी चिरायची ते मला सांगायला घरात कुणी नसतं. तेव्हा कृपा करून तुम्ही आजारी पडू नका.