भट्टीच्या वळणाची जमीन

मी, खाली सही करणारी, ज्याच्या नावाने गावाबाहेरचा शर्यतीचा ट्रॅक ओळखला जातो त्या चालकाची विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोळे शाबूत आहेत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडते, कारण म्हातारीला भ्रम झाला होता असे माझा दीर म्हणेल. पूर्वीही म्हणाला आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला. छप्पर गळते, ते आधी पाहावे. ट्रॅककडची खोली मात्र माझ्या पुतणीची, म्हणजे दिराच्या मुलीची.

२. माझे स्टॉपवॉचही पुतणीला. फेऱ्यांच्या वेळा मी घेत असे. माझी खुर्ची वरच्या मजल्यावरच्या याच खोलीत होती. समोर भट्टीचे वळण.

३. त्या वळणाखालची जमीन. माझ्या वडिलांची विटांची भट्टी तिथे होती. ती बंद पडल्यावर, ट्रॅक आखताना, यजमान त्यांच्याकडे आले. "सासरेबुवा, दोन सरळ रस्ते झाले, वळायलाच जागा नाही!" वडील म्हणाले, "मग माझ्या भट्टीवरून वळा की." कागद झाला नाही. जमीन वडिलांमागे माझ्या नावावर आली, आजही आहे.

यजमान गाडी चालवत, दीर ट्रॅकचा कारभार बघे. मोठ्या शर्यतींची परवानगी ठरायची होती त्या दिवशी तपासनीस मंडपात बसले होते. वळणावर डांबर सुटून खडी वर आली. अशा वेळी चालकांना सावध करायला पिवळा-लाल पट्ट्यांचा झेंडा दाखवतात. त्या वळणावर झेंडा दिराकडे होता. त्याने खडीकडे पाहिले. मग मंडपाकडे पाहिले. झेंडा दाखवला असता तर रस्ता कच्चा आहे हे तपासनिसांना कळले असते. झेंडा गुंडाळलेलाच राहिला. यजमानांची ती फेरी पुरी झाली नाही.

अहवालात "चालकाचा अतिवेग" असे लिहिले गेले. मी पाहिलेले सांगितले. दीर घरी येऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. जरा विश्रांती घ्या." परवानगी मिळाली. वर्षाच्या आत कमानीवर यजमानांचे नाव लागले. मग तो म्हणाला, "आता तरी गप्प बसा. याहून जास्त मान काय असतो?" चूक यजमानांची आणि नावही यजमानांचे. वाटणी त्यानेच केली.

हल्ली पुन्हा येतो. "वहिनी, वळणाची तेवढी सही करून टाका ना." पेन स्वतःचे आणतो.

ही जमीन मी पुतणीला देते. तीही शर्यतीत उतरते. सगळ्या घरात तिने एकटीने विचारले, "काकू, खरं काय झालं होतं?" अट अशी: अहवालातला "अतिवेग" खोडला जाईपर्यंत, किंवा कमानीवरचे नाव उतरेपर्यंत, वळणाला कुंपण घालावे. दोन्ही एकत्र राहू देणार नाही. तिचीही गाडी थांबेल, हे मी तिला सांगितले.

"बाबा मला घरात घेणार नाहीत," ती म्हणाली.

"म्हणून तर खोली ठेवलीय."

"म्हणजे खिडकी उघडली की कुंपण समोर! बरंय तुमचं, काकू."

नाही म्हणाली नाही.

४. कमानीखाली काचेत ठेवलेली गाडी यजमानांची आहे. दोन दिवसांसाठी म्हणून दिराने नेली, चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला, वर रंग मारला. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. ती परत आणून भंगारवाल्याला द्यावी.

५. दिराला झेंडा. त्या दिवशी झेंडा वळणावरच टाकून तो गाडीकडे धावला होता, मी उचलून आणला. पलंगाखालच्या पेटीत आहे. त्याच्या गुंडाळीवरची दोरी मी आजवर सोडलेली नाही. ती त्याने सोडावी.

हे सारे डॉक्टरांनी पार पाडावे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकील सांगतात. दिराला झेंडा मिळतो, तेव्हा तो वगळला गेला. मिळत नसता तरी मी त्याला बोलावले नसते. पाहिलेले तो सांगत नाही.

स्थळ: राहते घर, ट्रॅककडची खोली
तारीख: शर्यतीचा रविवार, दुपार

सही

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही). बाहेर गाड्यांचा आवाज होता, म्हणून आमच्यासमोर दोनदा वाचले.