वातू गेनीच्या कॅसेटमधली अकरा मिनिटं

मी, क्रिस्तियोनो विदाग्दो (गावात योनो, धाकट्यांसाठी मास योनो म्हणजे योनोदादा), वय सहासष्ट, धंदा लग्नाचं शूटिंग करणं (आता मी करत नाही), राहणार सालातिगा, मध्य जावा, हे माझ्या हातानं लिहितो आहे. मी शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कुणाचा दाब नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते मला नीट समजलं आहे. उजवा हात कापतो, म्हणून अक्षर वाकडं येईल. मजकूर सरळ आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. याच कागदावरचं सहावं कलम मात्र मी स्वतः खोडलं आहे. ते वाचता येईल असंच खोडलं आहे, कारण ते का खोडलं हे माझ्या माणसांना कळायला हवं.

कलम १. राहतं घर मागच्या विहिरीसह माझी एकुलती एक मुलगी किनांती हिला मिळावं. ती बाताम बेटावर परिचारिका आहे आणि आता इथे राहायला येणार नाही, हे तिनं मला तीन वेळा शांतपणे समजावलं आहे. तिनं घर खुशाल विकावं. पुढच्या खोलीच्या भिंतींना मी आणि तिच्या आईनं, मुर्नीनं, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले आहेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ते काढताना चुना निघेल. घेणाऱ्याला हे आधीच सांगावं.

कलम २. बँकेत जे असेल तेही किनांतीचं. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. लग्नाच्या शूटिंगचे दोन्ही कॅमेरे, तिवई आणि दिवे दामायान्तीला द्यावेत. माझा धंदा आता तीच चालवते. १९९१ सालचा मोठा कॅमेरा आज काही कामाचा नाही, हे तिला माहीत आहे. तो तिनं विकू नये आणि दुकानाच्या काचेत शोभेलाही ठेवू नये. नको असेल तर सरळ मोडून टाकावा.

कलम ४. मोठा टीव्ही, दोन्ही व्हिडिओ प्लेयर, अॅम्प्लिफायर, चार स्पीकर आणि मैफलींच्या तीनशे बारा कॅसेट व डिस्क माझा मित्र सुबाग्यो याच्याकडे जाव्यात. तो गाड्यांच्या सीट शिवतो. त्याला सगळे बाग्यो म्हणतात. हे सामान त्याच्या एकट्याचं नाही, रविवारच्या सगळ्या मंडळींचं आहे. त्यानं फक्त सांभाळायचं.

रविवारची मंडळी म्हणजे कोण, हे नोटरीबाईंनी विचारलं म्हणून लिहितो. १९९२ पासून दर रविवारी दुपारी, चर्च आणि जेवण आटोपल्यावर, माझ्या पुढच्या खोलीत वीसेक माणसं रॉकच्या मैफली बघायला जमतात. सुरुवातीला कॅसेट सेमारांगहून यायच्या. कॉपीची कॉपी असायची, गायकाचा चेहरा म्हणजे नुसता हिरवा डाग. तरी माणसं काळे शर्ट घालून, केस विंचरून यायची. मुर्नी दारात उभी राहून वहीच्या कागदाची तिकिटं द्यायची आणि परत फाडून घ्यायची. आत चटया, उकडलेल्या शेंगा, तळलेल्या तेम्पेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या. ड्रमवाल्याचा एकट्याचा तुकडा आला की सगळे चटईवर उभे. गायक दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो तेव्हा कुणी बोलायचं नाही, मग तो कुठल्या का भाषेत बोलेना. शेवटी पडद्यावरची गर्दी ‘आणखी एक’ म्हणून ओरडायची तेव्हा आम्हीही ओरडायचो. कॅसेटमध्ये आणखी एक गाणं आहे हे पन्नास वेळा बघून पाठ झालेलं असायचं, तरी घसा बसेपर्यंत ओरडायचो. आणि ते गाणं सुरू झालं की एकमेकांना मिठ्या मारायचो, जणू आमच्याच ओरडण्यानं ती माणसं परत मंचावर आली.

आता हे सगळं फोनवर दिसतं. तरी माणसं येतात. बाग्यो म्हणतो, “फोनवर मैफल बघणं म्हणजे लग्नाला जाऊन ताट घरी घेऊन येणं.” हे बंद पडू देऊ नये.

कलम ५. शेजारी गुनादी यांनी माझ्याविरुद्ध वॉर्डात चौदा तक्रारी केल्या. दोन वेळा त्यांनी माझ्या दारात येऊन मुर्नीला ऐकवलं, “वहिनी, हे घर आहे की बैलबाजार?” मुर्नी आजारी होती त्या वर्षी मी टीव्ही सहा महिने बंद ठेवला. सातव्या महिन्यात हेच गुनादी कुंपणाशी येऊन विचारायला लागले, “आज काही नाही का?” त्यांना वरच्या चारांखेरीजचे छोटे दोन स्पीकर द्यावेत. मी त्यांना माफ केलेलं नाही.

कलम ६. (रद्द.) माझ्या कपाटाच्या तळाशी, मुर्नीच्या लग्नाच्या कपड्यांखाली, एक कॅसेट आहे. वर काही लिहिलेलं नाही. ती माझ्या मृत्यूनंतर रात्मी हिला बंद पाकिटात द्यावी. सोबत पुढचा मजकूर द्यावा.

रात्मी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गावच्या मैदानावर वातू गेनी या बँडची मैफल झाली. मी माझा लग्नाचा कॅमेरा घेऊन बांबूच्या माचीवर उभा होतो. कुणी सांगितलं नव्हतं, हौसेनं गेलो होतो. त्या मैफलीची कॅसेट आपण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बघतो. तुझा भाऊ तिक्नो तिच्यात दुसऱ्या गाण्याला चाळीस सेकंद दिसतो, पहिल्या रांगेत, गाताना. त्यासाठीच तू सतरा वर्षांची असल्यापासून माझ्या घरी येतेस, हे मला ठाऊक आहे. त्याच दिवशी, त्याच मैदानावर त्याचा जीव गेला. गावात असं पसरलं की तो पिऊन कुंपणावर चढला, त्याच्यामुळे कुंपण पडलं आणि तो खाली सापडला.

तिसऱ्या गाण्यानंतर कॅसेटमध्ये चित्र उडी मारतं आणि एकदम पाचवं गाणं सुरू होतं. तिथे माझी बॅटरी संपली होती असं मी सांगत आलो. ती संपली नव्हती. मधली अकरा मिनिटं मी कापून टाकली. मूळ कॅसेट ही आहे.

तिच्यात दिसतं की मागून रेटा आला तेव्हा लोक डावीकडच्या फाटकाकडे वळले. फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. लोक परत फिरले ते पुढच्या कुंपणावर दाबले गेले. तिक्नो कुंपणाशी, गर्दीच्या बाजूला पाय रोवून उभा आहे आणि मुलींना एकेक उचलून मंचाच्या बाजूला देतो आहे. पाच मुली त्यानं दिल्या. मग कुंपण मंचाकडे झुकलं, आणि नंतर तो दिसत नाही. बँडला काही कळलं नव्हतं, ते वाजवतच होते. लोकांचे हात वर होते. मैफलीत हात वरच असतात.

कुलूप माझ्या थोरल्या भावानं, सुहार्जोनं लावलं होतं. फाटक त्याच्याकडे होतं आणि बिनतिकिटाचे लोक घुसत होते म्हणून. मला माफ कर असं मी लिहीत नाही.

(रद्द केलेलं कलम इथे संपतं.)

कलम ७. वरचं कलम लिहून झाल्यावर मी कागद बाग्योला वाचायला दिला, कारण तो साक्षीदार होणार होता. त्यानं वाचला, चष्मा काढला आणि विचारलं,

“हे सहावं काय आहे?”

“वाचलंस ना.”

“वाचलं. म्हणजे तू मातीत आरामात पडणार, आणि तिनं हे एकटीनं बघायचं. शिव्या द्याव्यात तर समोर कुणी नाही. चांगली सोय केलीस स्वतःची.”

“एकोणतीस वर्षं जमलं नाही मला.”

“आणि दर वेळी तिथं आलं की मी ओरडायचो, ‘गेली योनोची बॅटरी’. सगळे हसायचे. ती पण हसायची, योनो. माझ्याकडून कशाला करवून घेतलंस ते?”

तो उठून विहिरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. सही न करता निघून गेला.

म्हणून गुरुवारी सकाळी मी रात्मीला बोलावलं. ती सरकारी शाळेत भूगोल शिकवते. पहिला तास सोडून आली. मी तिला आधी सगळं सांगितलं, मग कॅसेट लावली. ती खुर्चीवर बसली नाही, टीव्हीसमोर चटईवर बसली. तिक्नो मुलींना उचलायला लागला तेव्हा ती म्हणाली,

“पाय बघा त्याचे. प्यायलेला माणूस असा उभा राहतो का?”

“नाही.”

“बाबा चहाच्या टपरीवर बसायचे बंद झाले होते. शेवटी दवाखान्यात मला विचारत होते, ‘तो पीत होता का गं? तुला माहीत असेल तर सांग, मी रागावणार नाही.’ मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. बाबा नऊ वर्षं होते त्यानंतर, मास योनो. नऊ वर्षं. आमच्या घरापासून तुमचं घर किती लांब आहे?”

तिनं टीव्हीकडे बघतच पुढे विचारलं,

“तुम्ही माचीवरून त्याच्यापर्यंत किती लांब होता?”

“वीस पावलं.”

“कॅमेरा खाली का नाही ठेवलात?”

“मला वाटलं लोक नाचतायत.”

“कुठपर्यंत वाटलं?”

तिला खोटं सांगण्याची ही शेवटची संधी होती, आणि ती मी घेतली नाही. मी म्हणालो, “तिसऱ्या मुलीपर्यंत. मग मला कळलं होतं.”

“कळल्यावर?”

“कळल्यावरही चालूच ठेवला.”

तिनं कॅसेट पुन्हा मागे नेली आणि एकदा पाहिली. मग पर्स उचलून म्हणाली, “रविवारी सगळ्यांना दाखवा. मधलं काही गाळायचं नाही. मी येणार आहे.”

रविवारी एकोणीस माणसं होती. मी आधी काही सांगितलं नाही. मला जमलंच नसतं. नेहमीसारखी पहिली तीन गाणी सगळे गायले. मग चित्र उडालं नाही. बाग्यो मान खाली घालून बसला होता. चौथं गाणं सुरू झालं तेव्हा दोघेतिघे आनंदानं उठले. एकोणतीस वर्षांत हे गाणं त्यांनी बघितलं नव्हतं. पडद्यावर हात वर झाले तसे खोलीतही झाले. रात्मी टीव्हीजवळ गेली, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा तिक्नो. हे फाटक, आणि हे कुलूप.” खोलीतले हात एकेक करून खाली आले. कुणी आवाज कमी केला नाही. शेवटी पडद्यावरची गर्दी ‘आणखी एक’ म्हणून ओरडत होती आणि आम्ही वीस माणसं भिंतीला टेकून ते ऐकत होतो.

निघताना मूळ कॅसेट मी रात्मीच्या हातात दिली. ती आता माझी मालमत्ता नाही, म्हणून सहावं कलम रद्द. त्यानंतरचे चारही रविवार ती आली आहे. माझ्याशी बोलत नाही. शेंगांची थाळी मी पुढे केली तर घेत नाही, बाग्योनं केली तर घेते. तिला माझ्याकडून काही देण्याचा मला हक्क नाही, म्हणून या कागदात तिच्या नावावर काही नाही.

कलम ८. माझा थोरला भाऊ सुहार्जो, वय त्र्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक, याला मी काहीही ठेवत नाही. त्याचं माझ्यावर जे आहे ते इथे नोंदवतो. वडील गेल्यावर त्यानं आपली मोटरसायकल विकून मला १९९१ सालचा तो कॅमेरा घेऊन दिला. मैफलीच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या खाटेवर येऊन बसला आणि विचारलं, “तुझ्या कॅमेऱ्यात फाटक आलंय का?” मी हो म्हणालो. ते पूस असं त्यानं सांगितलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तो माझ्या पायांकडे बघत बसला आणि उठून गेला. कापलं मी, माझ्या मनानं. पुढे तो चर्चच्या समितीत गेला, सगळ्या गावाला ‘सर’ झाला, आणि आम्ही दोघं एकोणतीस वर्षं नाताळात एकमेकांना फळांची टोपली पाठवत राहिलो.

गेल्या मंगळवारी तो आला. गावात बातमी पोचली होती.

“दाखवलंस म्हणे.”

“दाखवलं.”

“मला आधी सांगायचं होतंस.”

“तुम्ही नको म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो.” मग म्हणाला, “दहा मिनिटांनी फाटक उघडणार होतो. भाताचं पान पुढ्यात आलं होतं, म्हटलं संपवून उठतो.”

मग त्यानं विचारलं, “त्या कागदात मला काय ठेवलंयस?”

“काही नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, असं नोटरीबाई म्हणाल्या.”

त्यानं कागद मागितला आणि सगळा वाचला. आठवं कलम मी तेव्हा लिहीतच होतो. ते पुरं झालं की सही करायला येतो, असं तो म्हणाला.

कलम ९. मला मुर्नीशेजारी पुरावं. पाद्रींनी लांब भाषण करू नये. बाग्योनं माझ्याबद्दल काही बोलायचं ठरवलं, तर त्यानं काहीही लपवू नये.

वरचा सगळा मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. तो माझा आहे.

सालातिगा, १७ नोव्हेंबर २०२३, सकाळचे दहा.

(सही) क्रिस्तियोनो विदाग्दो

साक्षीदार पहिला: सुबाग्यो. कलम चारमधलं सामान मी स्वतःसाठी घेत नाही, मंडळींसाठी सांभाळतो. नोटरीबाईंना हे चालेल असं त्यांनी सांगितलं आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: सुहार्जो. माझ्या भावानं यावर माझ्यासमोर शुद्धीत सही केली आहे. कलम सहा, सात आणि आठ मी वाचली. कुलूप मी लावलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. हे मी भावाखेरीज आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आता इथून मी रात्मीच्या शाळेत जातो आहे; मधल्या सुट्टीत तिला भेटता येईल असं शिपायानं सांगितलं. (सही)